शक्यता कमी, परिणाम गंभीर

आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी लग्नहोमाची रिस्क असेसमेंट भरली. तिखटमीठ लावून सांगत नाही, तो कागद अजून माझ्याकडे आहे. धोका : अग्नी. इजा कोणास संभवते : वधू, वर, गुरुजी, पुढच्या रांगेतल्या आत्या. उपाय : वाळूच्या दोन बादल्या, गुरुजींनी तूप पळीनं घालावं, ओतू नये, आणि वधूवरांची गाठ सैल मारावी, म्हणजे वेळ आलीच तर दोघांना वेगवेगळ्या दिशांनी पळता येईल. गुरुजी लेस्टरहून आले होते. त्यांनी कागद वाचला, सासऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि निमूटपणे खाली सही केली.

सासऱ्यांचं नाव मनोहर खांबेटे. ऐन तारुण्यात बर्मिंगहॅमला आले आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. "माझ्या शॉप फ्लोअरवर एकाही माणसाचं बोट गेलं नाही," हे वाक्य ते, इतर लोक मुलांचे दहावीचे मार्क सांगतात, त्या सुरात सांगतात. कारखाना केव्हाच बंद पडला, यांची ड्यूटी मात्र चालू आहे. हॉटेलात गेलो की मेन्यू हातात घेण्याआधी मागचं दार कुठं उघडतं ते बघून येतात. मी बल्ब बदलायला खुर्चीवर चढलो तर एका हातानं खुर्ची धरतात आणि दुसऱ्यानं माझी पँट. वर त्यांचं ठरलेलं वाक्य असतंच : "शक्यता कमी हो समीरराव, पण परिणाम गंभीर."

हे वाक्य त्यांना कशालाही चालतं. माशाचा काटा, ओली बाथमॅट, कुकरची जुनी रिंग. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा नागपूरहून वर्क व्हिसावर आलेला, डोक्यावर जरा जास्तच जेल लावलेला आयटीवाला होतो. त्यांनी पगार विचारला नाही, घरचं काही विचारलं नाही. "कायमचं परत जायचा विचार आहे का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. ते बराच वेळ चहात बिस्कीट बुडवत राहिले, मग स्वतःशीच म्हणाले, "शक्यता कमी." उरलेलं वाक्य त्यांनी बिस्किटाबरोबर गिळलं.

आणि नशीब बघा, अशा माणसाच्या पोटी मुग्धा जन्माला आली. एकुलती एक. फिजिओथेरपिस्ट आहे; आठवडाभर लोकांचे मोडके गुडघे चालते करते आणि दर फेब्रुवारीत स्वतः स्कॉटलंडच्या डोंगरांवर जाऊन, पायाला दोन फळ्या बांधून, बर्फावरून सुसाट खाली येते. शाळेच्या ट्रिपमध्ये बाराव्या वर्षी शिकली. फॉर्मवर सही सासूबाईंनी केली होती, तीही सासरे कामावर गेले असताना. मी हा प्रकार एकदाच करून पाहिला. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत नुसता उभा असताना पडलो आणि माझ्याबरोबर एक म्हातारं जोडपं पाडलं. तेव्हापासून मी खाली कॅफेत बसतो. नागपूरच्या माणसानं बर्फ सरबतातच घालावा या मताचा मी आहे.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या फेब्रुवारीत मुग्धा म्हणाली, "बाबा, घरी एकटे काय करणार? आमच्याबरोबर चला ना." ते आले. त्या पहिल्या वर्षी ते नुसते खिडकीशी बसून राहिले. गेल्या वर्षी मात्र मुग्धा जेवायला बारा मिनिटं उशिरा येतेय म्हटल्यावर त्यांनी तिथल्या ऑफिसात जाऊन लाउडस्पीकरवर तिचं नाव पुकारायला लावलं. अख्ख्या डोंगराला ऐकू गेलं की मुग्धा नावाच्या मुलीचे वडील कॅफेपाशी वाट बघतायत. लोक लहान मूल शोधू लागले. छत्तीस वर्षांची घोडी फळ्या खांद्यावर टाकून, लाल चेहऱ्यानं चालत आली.

म्हणून यंदा निघण्यापूर्वीच तिनं अट घातली. "बाबा, आय मीन इट. एकदा पण माझा नाव स्पीकरवर आला ना, तर नेक्स्ट इयर तुम्ही घरी. मी नाही नेणार." मुग्धाचं मराठी असंच आहे, पण ती काय म्हणते हे नीट कळतं. सासरे म्हणाले, "मान्य." आणि गाडीत बसल्यावर त्यांनी तिला एक भेट दिली : रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं, डोळ्यांत खुपणारं केशरी जॅकेट. "मैलभरावरून दिसेल," ते म्हणाले. तिनं ते मुकाट्यानं घेतलं. सौदा झाला.

स्कॉटलंडमध्ये बर्फाचा भरवसा नसतो. आज या डोंगरावर असतो, उद्या वितळतो नाहीतर वारा त्याला उडवून नेतो. त्यामुळे एका ठिकाणी मुक्काम ठोकून भागत नाही. बर्फ असेल तिथं गाडी पळवावी लागते. आमचा बेत असा होता : आधी ग्लेनशी, मग एव्हीमोर, मग ग्लेनको. पाच दिवस, तीन डोंगर.

ग्लेनशीला पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं. सासरे दुर्बीण घेऊन कॅफेच्या काचेशी उभे राहिले. केशरी ठिपका वरून निघाला की यांचा श्वास बंद. खाली पोचला की, "आली." ती पुन्हा लिफ्टला लटकली की, "गेली." सकाळी दहा ते दुपारी तीन, आली आणि गेली. सूप घशाखाली जाताना आली, दाताखाली पाव असताना गेली. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही बसस्टँडवर अनाउन्सर म्हणून लागा." आणि खो खो हसलो. तेही कसंनुसं हसले आणि दुर्बिणीची काच रुमालानं पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि लिफ्ट बंद राहिल्या. सासऱ्यांइतका आनंदी माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. आम्ही भाड्यानं घेतलेल्या कॉटेजमध्ये दिवसभर रमी खेळलो. त्यांनी स्वतः पिठलं केलं, मुग्धाला दोनदा आग्रहानं वाढलं, आणि मधूनमधून खिडकीबाहेर बघून, "वारा छान आहे हो," असं पाहुण्याचं कौतुक करावं तसं म्हणत राहिले. मुग्धा वैतागून येरझाऱ्या घालत होती. मला या सगळ्याची गंमत वाटत होती, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही एव्हीमोरच्या डोंगरावर होतो. सकाळी ठीक होतं. अकराच्या सुमाराला वरून धुकं उतरायला लागलं आणि साडेअकरापर्यंत डोंगराचा वरचा अर्धा भाग कुणी खोडरबरानं पुसल्यासारखा गेला. मैलभरावरून दिसणारं जॅकेट शंभर पावलांवर दिसेना. सासऱ्यांनी दुर्बीण केसमध्ये घातली, केसचा पट्टा गुंडाळला आणि खुर्चीत ताठ बसले.

"काय बाबा, सुरू करायचं का घाबरायला?" मी विचारलं.

"एक वाजता येते म्हणालीय. मी एक वाजता घाबरणार. आधी नाही." त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

एक वाजला. "पाच मिनिटं ग्रेस," ते म्हणाले. मी पुन्हा हसलो आणि दुसरी कॉफी आणायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की वरची लिफ्ट वाऱ्यामुळे थांबवलीय, वर आहेत ते सगळे खाली येतायत. हे मी सासऱ्यांना सांगितलं नाही. परत आलो तर त्यांनी ते सूचनाफलकावर आधीच वाचलेलं होतं.

एक वीस झाले. लोक खरंच येत होते, दोघं-दोघं, तिघं-तिघं, भुवयांवर बर्फ घेऊन. केशरी काही त्यांच्यात नव्हतं. मी मुग्धाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. डोंगरात रेंज नसतेच, हे मला ठाऊक होतं. तरी चौथ्यांदा लावला. तेवढ्यात खिडकीसमोरून स्की पेट्रोलची, म्हणजे डोंगरावरच्या मदतपथकाची, दोन माणसं एक रिकामी स्लेज ओढत वर निघून गेली. जखमींना खाली आणतात ती.

माझ्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, बोंबलायलाच लागली. सासऱ्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा म्हणतायत. कान दिला तर खाली येणारी माणसं मोजत होते. एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर.

मी उठलो. "मी ऑफिसात सांगून येतो."

त्यांनी माझी बाही धरली. "नको. तिनं बजावलंय."

"अहो बाबा, धुकं केवढं आहे!"

"दिसतंय मला." आवाज अगदी बारीक झाला होता. "पण तिला वाटेल मीच सांगितलं. वर्षातून हेच पाच दिवस असतात हो. सकाळचा चहा तिच्याबरोबर होतो, रात्रीचं जेवण होतं. अजून दहा मिनिटं थांबा."

मी थांबलो. ती दहा मिनिटं कशी गेली ते मला विचारू नका. खरं सांगायचं तर या माणसाची मी चार वर्षं चेष्टा केली, आणि त्या दहा मिनिटांत मला कळलं की तो रोज असाच बसलेला असतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मनातल्या मनात माझा मुग्धाच्या आत्याला वाईट बातमीचा फोनही करून झाला होता.

पावणेदोनला सासरे स्वतःच उठले. घड्याळ मनगटावर बांधलं, टोपी सरळ केली. "पुढच्या वर्षी नाही आलो तरी चालेल," ते म्हणाले. "चला."

ऑफिसच्या खिडकीशी ते पुढे झाले, मी मागे. आतल्या बाईनं, "काय मदत करू?" असं विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. आयुष्यभर कारखान्यात ओरडून यंत्रं बंद करणारा माणूस, काचेला हात टेकून नुसता उभा. मग मी पुढे होऊन नाव सांगितलं, जॅकेटचा रंग सांगितला. "वाट कोण बघतंय म्हणून सांगू?" बाईनं विचारलं. मी एक क्षण सासऱ्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, "नवरा."

स्पीकर खरखरला. मुग्धाचं नाव धुक्यात गेलं.

बारा मिनिटांनी ती आली. आधी स्लेज आली, तिच्यावर पांघरुणात गुंडाळलेली एक गोरी बाई होती, आणि तिचा हात धरून शेजारून चालत आमचं केशरी जॅकेट. त्या बाईचा गुडघा वरती पिळवटला होता. पथकाची माणसं येईपर्यंत मुग्धा तिच्यापाशी बर्फात बसून होती. माझ्या जिवात जीव आला. मुग्धानं बाईला आत पोचवलं, हेल्मेट काढलं आणि सरळ वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा. आपलं काय ठरला होता?"

"मी केली अनाउन्समेंट," मी म्हटलं.

"तू?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "समीर, तू? तू तर सगळ्याला हसतोस."

मी तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं. सासरेच मध्ये पडले. "त्याला रागावू नकोस," ते म्हणाले. "नवीन आहे तो."

मुग्धा इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओल्या जॅकेटसकट तिनं मला मिठी मारली, मग त्यांना. मग तीन सूप मागवली आणि तिघांचे पाव एकटीनंच संपवले. पुकारायला लावणारा मी होतो, म्हणून अट मोडली गेली नव्हती. पुढचं वर्ष शाबूत होतं.

जेवणानंतर ती फळ्यांना मेण लावून घ्यायला दुकानात गेली आणि आम्ही दोघं गाडीपाशी थांबलो. मी काचेवरचा बर्फ खरवडत होतो. सासरे हातमोजे काढत होते, घालत होते.

"समीरराव, एक बोलू? तुम्ही मला हसता ना..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं बाबा. आजपासून नाही हसणार."

"नाही, नाही, तसं नव्हे!" ते इतक्या घाईनं म्हणाले की हातमोजा खाली पडला. "हिची आई मला फार हसायची. मी घाबरायचो आणि ती हसायची. ती हसतेय म्हणजे काही झालेलं नाही, हे मला कळायचं. मग झोप लागायची. आता घरात हसायला कुणी नाही. खिडकी वाजली तरी ती खिडकीच आहे का, हे मला एकट्यालाच ठरवावं लागतं." त्यांनी खाली वाकून मोजा उचलला, झटकला. "तुमच्याबरोबर असलं की बरं वाटतं. आज एक वीसनंतर तुम्ही हसायचे थांबलात. तेव्हा मी खरा घाबरलो."

मी खरवडणं थांबवलं.

दुकानाच्या दारातून मुग्धा ओरडली, "ग्लेनको ओपन आहे! उद्या सकाळी नऊला तिथे पोचायचं!"

सासऱ्यांनी तिला हात केला. मग माझ्या जवळ सरकून हळूच म्हणाले, "उद्या ती वर गेली की तुम्ही थोडं हसाल का? आतून आलं नाही तरी."

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण खांदे तसेच वर ओढलेले. म्हणून मी तिथंच, त्या गार पार्किंगमध्ये, कशालाच नाही असा मोठ्यानं हसून दाखवलं. पहिल्यांदा नीट जमलं नाही. दुसऱ्यांदा बरं जमलं, आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.