चिंचोक्याच्या रंगाचे अंडे

आमच्या शेजारचे धुडकूनाना अंड्याशी बोलतात. पिंपळनेरला राहायला आलो त्याच आठवड्यात, भर दुपारी, कुंपणापलीकडून आवाज आला : “हां, कोन? बोल, बोल. मी धुडकू बोली राहिनू.” नाना फोनवर असावेत, या समजुतीने मी शिष्टाचार म्हणून मागे सरकलो. सरकता सरकता दिसले की त्यांच्या कानाशी अंडे आहे. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की पलीकडचे बोलणे ऐकण्यासाठी माणूस थांबतो तसे ते मधूनमधून थांबत होते.

मी निवृत्त शिक्षक, विषय जीवशास्त्र. उबवणीच्या शेवटच्या दोन दिवसांत पिल्लू कवचाच्या आतूनच चिवचिवू लागते, हे मी कित्येक वर्षे फळ्यासमोर उभे राहून सांगितले होते. कान लावून मात्र कधी पाहिले नव्हते.

नानांचा ध्यास दुहेरी होता. कोंबडी काळीभोर हवी, पण तिची मान तांब्यासारखी लखलखायला हवी. आणि तिचे अंडे हुबेहूब चिंचोक्याच्या रंगाचे हवे. नमुन्याचा चिंचोका सदऱ्याच्या खिशात असे. तो प्रत्येक अंड्याला टेकवून ते निकाल देत : “चहा.” “गूळ.” एकदा तर खेदाने, “हाई ते निस्तं दूध शे!” ती कोंबडी मान खाली घालून निघून गेली, असे मला उगीच वाटले.

कोंबड्याची परीक्षा अर्थातच कुळावरून होई. एका कोंबड्यासाठी ते धुतलेली टोपी घालून, स्थळ पाहायला निघावे तसे, थेट फैजपूरपर्यंत जाऊन आले.

“जमलं का?” मी विचारले.

“मान तांबानी शे, पिसं झकास. पन त्यानी आजी धवळा अंडा दे. मंग चहा लिधा नि परत उनू.”

कुक्कुटपालनवाले अंडे विजेरीसमोर धरतात आणि आत जीव आहे की नाही ते पाहून घेतात. नानांच्या गडद अंड्यांतून उजेड नीट जात नसे. हा दोष मी नम्रपणे त्यांच्या नजरेस आणला. नाना हसले. “सर, त्यानाच करता ते काळं करी राहिनू.”

मला तेव्हा अर्थ लागला नाही, आणि विचारण्याचे धैर्यही झाले नाही.

यंदा चैत्रात एका तांबड्या मानेच्या कोंबडीने अखेर ते अंडे घातले. शेजारी ठेवलेला चिंचोका आणि ते, रंगात काडीचा फरक नव्हता. तिचे ते एकच अंडे ठरले, कारण चारच दिवसांत त्या कोंबडीला मुंगसाने नेले. नानांनी ते अंडे नुकत्याच उबवायला बसलेल्या दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली, तिच्या अंड्यांत ठेवले. एकविसाव्या दिवशी बाकीची फुटली, आणि ती कोंबडी पिल्ले घेऊन उठून गेली. मागे राहिलेले हे एक नानांनी गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर घेतले.

जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाच्या कानाशी थाळी वाजवतात, तशी नाना उशीर झालेल्या अंड्याशी वाजवत. दोन दिवस ती वाजत राहिली. गल्लीतून जाणारे हसत : “नाना, पोऱ्या व्हयना का पोर?” नाना पुढचा ठोका देत.

चोविसाव्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. “सर, तुम्ही शिकेल मानूस. तुम्हीच दखा.”

मी अंडे कानाशी धरले. काहीही नव्हते. अंगणात कोंबड्यांचे उकरणे थांबले होते. सगळ्या तांबड्या माना माझ्याकडे वळल्या होत्या.

“फेकी द्या आते,” दारातून अक्का, नानांच्या पत्नी, म्हणाल्या. “वास सुटी त्याना.” मग पायरी उतरून त्या माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “आम्हले एकच पोर व्हयनी, सर. दवाखानामा आधीच दखी लिधं व्हतं, जीव नही म्हने. मंग कोनी थाळी वाजाडीच नही. ह्या,” त्यांनी नानांकडे मान वळवली, “दारना भाईर थाळी लिसनी उभा व्हतात. कोनी मधमा बलायंच नही.”

नाना माझ्याकडे पाहत होते. उत्तर मला माहीत होते : एकवीस दिवस, फार तर बावीस. आयुष्यभर मी ते मुलांकडून वदवून घेत आलो होतो. हातातले अंडे उन्हाने तापले होते की आणखी कशाने, कळेना.

“आतलं काही दिसत नाही, नाना,” मी म्हणालो. “थांबू या.”

अक्का वळून घरात गेल्या. रागावल्या असतील, असे मला वाटले. त्या परतल्या तेव्हा त्यांच्या एका हातात थाळी होती, दुसऱ्यात पळी. नानांशेजारी त्या जमिनीवर बसल्या आणि पहिला ठोका त्यांनी दिला. नाद अंगणभर पसरला आणि विरला. एकही कोंबडी हलली नाही. माझ्या तळहाताला काहीतरी लागले. माझीच नाडी असावी. मी तसे म्हणणार, तेवढ्यात अंड्यावरची नजर न हलवता नानांनी बोट ओठांवर ठेवले.

“श्श, सर. ती आयकी राहिनी.”