गवतरावांच्या पाठपुराव्याला यश

एका जंगलात, बाळांनो, लोकशाही होती. राजा सिंहच होता, पण लोकशाही होती. असं कसं, ते विचारू नका. आम्हालाही गोष्ट पुढे न्यायची आहे.

त्या जंगलाची एक सभा होती. सभेत माळरानाचे सभासद होते गवतराव. गवतराव म्हणजे ससा. सभेला जाताना ते फेटा बांधायचे. फेट्यात कान कोंबले की त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, पण सभेत ऐकण्याची सक्ती कुणावरच नव्हती.

एकदा बातमी आली, की नदीपलीकडच्या जंगलाने घारी पाळल्या आहेत. सिंहाने सीमेच्या रक्षणासाठी गरुडांची तुकडी बोलावली. तुकडीचा तळ कुठे? सेनापतीने उंच जागा पाहिली आणि सांगून टाकलं, खडकपट्टीच्या कड्यावर.

खडकपट्टीचे सभासद कातळराव. हे घोरपड. निर्णय घेताना त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. तरी दुपारपर्यंत झाडाझाडावर फलक लागले : 'कातळरावांच्या पाठपुराव्याला यश!'

तो फलक पाहिला आणि गवतरावांचा घास तोंडातच राहिला.

"बघितलंस?" घरी येऊन ते बायकोला म्हणाले. "पाणवठा त्यांना, सावली त्यांना, आता गरुडही त्यांना! आपण काय गवत खायचं?"

"आपण गवतच खातो," दूर्वाबाई म्हणाल्या. "पण अहो, गरुड काय खातात?"

"तो वेगळा विषय आहे."

खरं सांगायचं, तर गवतराव आतून टरकले होते. वर नुसती सावली हलली तरी आधी त्यांचे पाय पळायचे, मग ते. हे त्यांना ठाऊक होतं आणि एकटे असताना त्याचं त्यांना हसूही यायचं. पण बिळाबाहेर मतदार जमले होते. "आपल्याला का नाही?" असं सगळे ससे विचारत होते. गरुड हवेत की नकोत, हे एकानेही विचारलं नाही.

गवतराव सभेत उभे राहिले.

"माळरानावर किती दिवस हा अन्याय? सीमेसाठी आमच्या सशांनी काय कमी त्याग केलाय?"

कसला त्याग, ते त्यांनाही आठवेना. पण बाकं वाजली.

"कड्याला उंची आहे," सेनापती म्हणाला.

"आमच्या माळाला मन आहे!" गवतराव म्हणाले. हे वाक्य आपल्याला सुचलं कसं, याचं त्यांना घरी पोचेपर्यंत नवल वाटत होतं.

मग ते सिंहाच्या गुहेसमोर उपोषणाला बसले. सशाचं उपोषण मोठं कठीण, बाळांनो. तो बसतो तिथेच जेवण उगवतं. गवतरावांच्या पुढ्यातलं गवत हळूहळू कमी होत गेलं, तेव्हा कार्यकर्त्यांनी भोवती कडं केलं आणि घोषणा वाढवल्या. त्या घोषणांनी सिंहाची झोपमोड झाली.

"द्या बाबा यांना गरुड," सिंह म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

"आमचे गरुड पळवले!" कातळराव ओरडले. पण गुलाल उधळला तो माळावर. नवे फलक लागले. त्यांवर गवतराव होते, फेट्यासकट.

विजयसभेत गवतराव बोलायला लागले. टाळ्या ऐकून त्यांना चेव आला. "नुसते गरुड येऊन भागणार नाही! तुकडीला लागेल तो सगळा माल इथलाच घेतला पाहिजे! बाहेरचा एक कण माळावर येऊ देणार नाही! स्थानिकांना प्राधान्य!"

माळ दणाणला. अट सिंहाकडे गेली आणि लगेच मंजूर होऊन आली.

गरुड आले त्या दिवशी कमानी उभारल्या होत्या. तुकडीचा नायक वयस्कर, शिस्तीचा आणि सभ्य होता. त्याने गवतरावांना नमस्कार केला.

"सभासदसाहेब, आमचं खाणं आम्ही नदीपलीकडून आणणार होतो. तिकडे उंदीर रग्गड आहेत. पण तुमची अट आली, इथलाच माल घ्या म्हणून. आम्ही माळ फिरून पाहिला. इथे गवत आहे आणि ससे आहेत. गवत आम्ही खात नाही. अजून वेळ गेलेली नाही. अट मागे घ्या, आम्ही पलीकडे जातो."

गवतरावांनी समोर पाहिलं. पुढच्याच रांगेत दूर्वाबाई पिलांना घेऊन बसल्या होत्या. धाकट्याने झेंडा उलटा धरला होता. 'चुकलो' एवढं एकच म्हणायचं होतं. ते गवतरावांच्या ओठांपर्यंत आलंही.

तेवढ्यात गर्दीतून कातळराव ओरडले, "बघा, घेतायत माघार!"

गवतरावांची मान ताठ झाली. त्यांना नको होती तरी झाली.

"माळरान माघार घेत नाही!"

टाळ्या! शिट्ट्या! सगळ्यांत जोरात ससेच वाजवत होते. दूर्वाबाईंनी मात्र पिलं गोळा केली आणि बिळाची वाट धरली.

नायकाने मान खाली घातली. "जशी इच्छा. मग शुभारंभ कुणापासून?"

टाळ्या थांबल्या. आणि मग सगळे ससे एका सुरात ओरडले, "पहिला मान गवतरावांचा!"

नारळ असो की फीत, पहिला मान गवतरावांनी आजवर कुणाला दिला नव्हता. आज मात्र त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"यात कातळरावांचाही मोठा वाटा आहे," ते म्हणाले.

"छे, छे! श्रेय सर्वस्वी तुमचंच," कातळराव हात जोडून म्हणाले. दोघांत इतकं सौजन्य पूर्वी कधी दिसलं नव्हतं.

गवतरावांना हसू आलं. "लेका गवत्या," ते स्वतःशीच म्हणाले, "पाठपुरावा झकास केलास हो!"

नायकाने त्यांना जमेल तितक्या अदबीने उचललं. आधी हार खाली पडला, मग फेटा. ससे वर बघत टाळ्या वाजवत राहिले. आपला सभासद इतक्या उंचीवर गेलेला माळाने कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सिंहाच्या गुहेसमोर पुन्हा मंडप उभा राहिला. आत कातळराव उपोषणाला बसले होते. त्यांची मागणी साधी होती. सगळी तुकडी माळालाच का? निदान अर्धे गरुड खडकपट्टीला मिळालेच पाहिजेत.

तात्पर्य : चूक कबूल केली तर जीव वाचतो, पण फलक उतरवावा लागतो. म्हणून शहाण्याने फलक वाचवावा. टाळ्या वाजवायला आम्ही आहोतच.