वामनकाकांच्या म्हाताऱ्या कोंबड्या

आमच्या आंधळगावात कोंबड्यांना 'जी' लावून बोलणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या कुंपणाला लागून राहतो.

"या जी बाई, जेवून घ्या जी," अशी हाक वामनकाकांनी मारली की त्यांच्या म्हाताऱ्या कोंबड्या लग्नातल्या विहिणींसारख्या सावकाश चालत येतात. काकांचं आयुष्य हातमागावर गेलं. आता माग नाही, तर दिवसभर खलबत्ता. तलावावरच्या शिंपल्या जाडसर कुटायच्या आणि संध्याकाळी वाढायच्या. दुपारी जवस आणि शेवग्याचा पाला. कोणी हसलं की काका म्हणणार, "वय झालं म्हणून पान वाढू नोको का?"

मलाही हसायला आवडलं असतं. पण त्या म्हाताऱ्यांची अंडी! कवच असं की वाटीच्या काठावर दोनदा आपटावं लागतं. बलक झेंडूसारखा. माझ्या कोंबड्या त्यांच्या नाती शोभतील अशा तरण्या, आणि अंडं उचललं की बोट आत!

"काकाकडचं अंडं म्हणजे अंडं," आमचे हे म्हणायचे. तेही माझ्या हातचं जेवताना.

शेवटी मी काकांना विचारलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. लपवलं असतं तर निदान नावं ठेवता आली असती. मीही शिंपल्या कुटल्या, चांगल्या पिठासारख्या बारीक. माझ्या कोंबड्यांनी न खाता त्यात धुळीसारखी आंघोळ केली.

मग जावई आले. रश्शासाठी अंडी उकडायला ठेवली, तर सगळी फुटून पातेल्यात नासलेल्या दुधासारखं झालं. नाइलाजाने काकांकडून अंडी आणली. जावई बोटं चाटत म्हणाले, "आई, तुमच्या कोंबड्या भारी आहेत हो."

"कोंबड्या वामनकाकाच्या," हे लगेच म्हणाले. गप्प बसवलं नाही यांना.

दुसऱ्या दिवशी अंड्यांची टोपली परत द्यायला गेले. एक कोंबडी भिंतीला टेकून बसली होती, उठतच नव्हती. काका तिला हाताने भरवत होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

"ही अंडी देत नाही वाटते?"

"कव्हाचीच बंद झाली."

"मग तिले कायले शिंपल्या चारून राहिले, काका?"

काकांनी तिच्या पायावरून बोट फिरवलं. "खाण्यात नाही भेटलं, तं कोंबडी आपल्या हाडातून काढते सूनबाई, अन् कवच बनवते. इले मी बाजारातून आणलं, पण उशिरा. तोवर पाय गेले होते."

त्यांनी तिच्या चोचीपुढे आणखी एक चिमूट धरली.

"तुही काकू अंगणातच पडली होती. साधी घसरली. डॉक्टर म्हणे, हाडं पोकळ झाली. मी मागावर बसून राहो, ती ताट आणून दे. ती काय खाते, मी कधी पायलंच नाही."

काकू गेल्या तेव्हा मी इथे सून म्हणून आले नव्हते. टोपली ठेवून निघाले.

"सूनबाई," काकांनी हाक मारली. "काल जावई जेवले, तुहा नवरा जेवला. तू काय खाल्लं?"

मला आठवावं लागलं. "रस्सा उरला होता ना थोडा. भातावर घेतला."

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. स्टोव्ह पेटवला, भांड्यात पाणी घेतलं आणि त्यात दोन अंडी सोडली.

"बसा जी," ते म्हणाले. या वेळी मला.