सतराव्या घरातला चार

सरांनी कॉम्प्युटर खोक्यातून बाहेर काढला मंगळवारी आणि त्याचं बटण दाबलं शुक्रवारी. मधले तीन दिवस ते माहितीपुस्तिका वाचत होते. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस; पहिल्या पानावर ‘प्रथम सूचना वाचा’ असं छापलंय म्हटल्यावर तो वाचणारच, आणि तीही ओळीओळीला पेन्सिलीने खूण करत. त्यात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डावाही त्याच वाटेवर. त्यामुळे प्रत्येक ओळ भिंगाखालून जायची.

ऑपरेशन सोमवारी होतं. दोनदा पुढे ढकललेलं. “आता आणखी लांबवलंत तर डोळा हातचा जाईल,” असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. सरांचं म्हणणं, नंतर महिनाभर डोळ्यांना ताण द्यायचा नाही, तेव्हा आयुष्यातला पहिला प्रोग्राम त्याआधीच लिहून व्हायला हवा. काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, म्हणणं काय होतं ते कुणी विचारलं नव्हतं, तरी त्या सांगत होत्या.

“परवा दारामागच्या रेनकोटला ‘या, बसा’ म्हणालात. आणि निघालात कॉम्प्युटर शिकायला!”

“अगं, अंधार होता तिथे.”

“त्याला चहा पण ठेवायला सांगितलात मला.”

शुक्रवारी सकाळी लेकीने फोनवरून सूत्रं हाती घेतली. ती दुसऱ्या गावी कॉम्प्युटरवरच काम करायची. कुठली वायर कुठे, कुठल्या चित्रावर दोनदा टिचकी, सगळं ती सांगे आणि सर प्रत्येक वेळी कारण विचारत.

“दोनदाच का? एकदा मारली तर?”

“एकदा मारली तर उघडत नाही, बाबा.”

“हो, पण का उघडत नाही?”

अर्ध्या तासाचं काम दीड तासाने संपलं. प्रोग्राम लिहायची कोरी चौकट पडद्यावर आली तेव्हा लेकीचा आवाज बसला होता.

“आता लिहा. प्रिंट, मग कंस, आणि आत नमस्कार. सगळे पहिल्यांदा हेच लिहितात. चालवलं की पडद्यावर नमस्कार येतो.”

“नमस्कार बरोबर आला की चूक, हे मी तपासणार कसं? त्यापेक्षा बेरीज देतो.”

“द्या बेरीज,” लेक म्हणाली आणि फोन ठेवून पाणी प्यायला गेली.

पूर्णांकांची बेरीज कोणीही करतं, पोरं घसरतात ती दशांशावर, हा सरांचा अनुभव. म्हणून त्यांनी एका बोटाने, अक्षर अक्षर भिंगातून पारखत, पॉइंट एक अधिक पॉइंट दोन असं लिहिलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, तुम्हाआम्हालाही आहे. त्यांनी कळ दाबली. पडद्यावर पॉइंट तीन उमटले. मग शून्य. मग आणखी शून्य. सरांनी नाक पडद्याला टेकवलं आणि पेन्सिलीच्या टोकाने शून्यं मोजली. पंधरा. आणि पंधरा शून्यांच्या मागे, आपलं कुणी बघत नाहीये अशा बेताने उभा असलेला एक चार.

सरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून काकू हातातली कढई घेऊनच धावत आल्या.

“काय झालं? शॉक बसला का?”

“बसला! हा चुकला!”

काकूंनी वाकून पाहिलं. “पॉइंट तीनच आहे की.”

“पॉइंट तीन नाहीये! पुढे चार आहे.”

“कुठे?”

“सतराव्या घरात.”

“मग राहू दे ना त्याला तिथे. आपल्याला काय त्रास देतोय?”

सरांनी प्रोग्राम पुन्हा चालवला. तेच उत्तर. कॉम्प्युटर बंद करून, थंड होऊ देऊन, परत लावला. तेच. घाबरून किंवा घाईने चुकणारी पोरं त्यांनी हजारो पाहिली होती. पण इतक्या शांतपणे, पुन्हा पुन्हा, तीच चूक करणारा पहिलाच. त्यांनी लेकीला फोन लावला.

“अहो बाबा, तो बिघडलेला नाही. सगळेच कॉम्प्युटर असं करतात. ते आपल्यासारखं दहाच्या पटीत मोजत नाहीत, दोनाच्या पटीत मोजतात. पॉइंट एक त्यात नेमका बसत नाही, म्हणून कुठेतरी शेवटी थोडं इकडेतिकडे होतं. तेवढं चालतं.”

‘तेवढं चालतं’ हे वाक्य सरांच्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. ते खुर्चीत बसले.

“सगळेच?”

“सगळेच.”

बिचारीने धीर द्यायला सांगितलं होतं. पण सरांना भलतंच आठवलं. डोळ्यात जे भिंग बसवणार, त्याचा नंबर दवाखान्यातलं मशीन काढतं. मशीन म्हणजे आत कॉम्प्युटर. आणि नंबर असतो दशांशात.

“सोमवारी मी येत नाही,” सर म्हणाले.

काकू कढईसकट खाली बसल्या.

दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी, नाही म्हणायचं तर डॉक्टरांच्या तोंडावर म्हणा, या अटीवर काकूंनी त्यांना सोमवारी दवाखान्यात नेलं. बाहेरच्या खोलीत दहा पेशंट डोळ्यांत थेंब घालून ओळीने बसले होते. सरांच्या शेजारी एक सुतार होता. त्याने सहज विचारलं, “पहिलंच ऑपरेशन का?” एवढं निमित्त पुरे झालं. सरांनी वही उघडली आणि पॉइंट एक अधिक पॉइंट दोनपासून सुरुवात केली.

“मग हा चार आला कुठून?” सुताराने विचारलं.

“तेच तर! कुणालाच माहीत नाही.”

“आमच्यात सूतभर फरक पडला तरी दार लागत नाही. आणि हा तर डोळा!”

सुताराने पलीकडच्या आजींना सांगितलं. त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत सतराव्या घरातला चार तिसऱ्या घरात आला होता. खोलीच्या टोकाला तो पोचला तेव्हा मशीनने कालच चार माणसांचे डोळे घालवले होते. नर्सने पहिलं नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. दुसरं पुकारलं. दुसऱ्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

हा काय प्रकार आहे ते बघायला डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

“सर, तुम्ही आहात होय यामागे?”

दहावीला त्या सरांच्याच वर्गात होत्या. आता केस पिकायला लागले होते, पण सरांनी वहीवर पेन्सिल आपटली तशा त्या ताठ उभ्या राहिल्या.

“तुझं मशीन नुसतं उत्तर देतं. पायऱ्या दाखवत नाही. मी कसा विश्वास ठेवू?”

बाईंनी थोडा विचार केला. “सर, पूर्वी हे गणित हातानेच करायचे. साधं सूत्र आहे. मशीनने तुमच्या भिंगाचा नंबर साडेवीस काढलाय. ही तुमची मापं. तुम्हीच करून बघा ना.”

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी भिंग काढलं, मापं वहीत उतरवली आणि सुरुवात केली. “सर आता वजाबाकीवर आलेत,” सुतार मागच्यांना हळूच कळवत होता. वीस मिनिटांनी सरांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

“आठ.”

“आठ?” बाई म्हणाल्या.

“आठ! साडेवीस नव्हे. साडेबाराचा फरक!”

एकच गलका झाला. एक आजी रडायलाच लागल्या. बाईंचा रंग उडाला. परदेशी बनावटीचं मशीन एकीकडे आणि सर दुसरीकडे, तर सर चुकले असतील असं मनात आणायचीही त्यांची छाती नव्हती. त्यांनी वही घेतली. गुणाकार बरोबर. वजाबाकी बरोबर. दुसरी बरोबर. मग त्या पुन्हा वर, पहिल्या ओळीवर आल्या आणि सरांच्या कानाशी वाकल्या.

“सर, डोळ्याची लांबी किती घेतलीत?”

“अठ्ठावीस पॉइंट पाच. तूच दिलीस.”

“तेवीस पॉइंट पाच आहे, सर.”

“आठ आहे तो.”

“तीन आहे.”

सरांनी कागद भिंगाखाली धरला. खिडकीकडे नेला. उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं, मग तिरकं धरून पाहिलं. बऱ्याच वेळाने त्या आठच्या डाव्या अंगाला दोन बारीक फटी दिसल्या. तीनच होता. आपलंच भिंग आपल्याच हाताने आठ नंबरचं बसवून घेतलं असतं, तर रेनकोट सोडाच, दारही दिसलं नसतं.

“मशीन सतराव्या घरात चुकतं, सर,” बाई अगदी हळू म्हणाल्या.

“आणि मी पहिल्याच ओळीत,” सर म्हणाले.

हे बाकी कोणाला ऐकू गेलं नव्हतं. सुतार आपला कागद पुढे करून उभा होता. “सर, मशीनचं राहू द्या. माझाही नंबर तुम्हीच काढून द्या.” त्याच्यामागे आजी, आजींच्या मागे ते खुर्ची धरून बसलेले गृहस्थ. दहा कागद, दहा डोळे, आणि सगळ्यांचा विश्वास सरांवर. गप्प राहिले असते तर बाई काही बोलल्या नसत्या, इतका धाक त्यांना अजून होता. सरांनी त्या कागदांकडे पाहिलं. एकावरचाही आकडा त्यांना धड दिसत नव्हता.

ते उठून उभे राहिले आणि मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, “मशीन बरोबर आहे. मी चुकलो. मला दिसलं नाही.”

मग वही काकूंच्या हातात देऊन ते नर्सच्या मागोमाग आत गेले. पाठोपाठ बाकीचेही मुकाट्याने आपापल्या जागी बसले. काकू मात्र दरवाजाकडे बघत तशाच उभ्या होत्या. पिशवीतला फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला तेव्हा कुठे त्यांनी उचलला.

“आई, काय झालं? बाबा तयार झाले का?”

“हो. आत गेले.”

“गेले? असे कसे गेले?”

“मी चुकलो म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

“तुझे बाबा. सगळ्यांसमोर.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आई,” लेक घाबऱ्या आवाजात म्हणाली, “तू डॉक्टरांजवळच थांब. मी लगेच निघते.”