परबमामांची डॉक्टरीण

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाला ताप आला, की घरच्यांच्या आधी शेजारचे परबमामा चपला घालून तयार. दवाखान्यात रोग्याला बाकावर बसवायचे आणि स्वतः डॉक्टरांसमोर बसून विचारायचे, "डॉक्टरसायेब, तुमका शिकाक किती खर्च इलो? नि तो सुटाक किती वर्षां लागली?"

"अजून सुटतोय," एकदा डॉक्टर म्हणाले. मामांचा चेहरा पडला. बाकावर मी होतो, एकशे तीन तापात.

मामा गिरणीत मागावर. बायको कधीच गेलेली. एकुलती मुलगी शालू डॉक्टरीला लागली आणि हा हिशेब त्यांच्या डोक्यात शिरला. फीपायी गावची आंब्याची कलमं गेली, पुस्तकांपायी बायकोच्या पाटल्या. अभ्यासाला हाडांचा सापळा हवा, तोही आणला, अर्धा, जुना. खाटेखाली असायचा. "मेलेलो माणूस, मास्तर," मामा मला सांगत, "पण माझे दोन पगार खाऊन बसलो!"

वसुलीही ठरलेली. चाळीच्या तोंडाशी शालूचा दवाखाना काढायचा. "शंभर बिऱ्हाडां. बिऱ्हाडामागे म्हयन्याक एक ताप धरलो, तरी झाला!" जिन्यात कुणी खोकलं, की मामा खूश.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. लाठ्या, अश्रुधूर, गोळीबार. शालू शेवटची परीक्षा देऊन इस्पितळातच राहून काम करत होती. वॉर्ड जखमींनी भरून गेले. तीन आठवडे ती घरी फिरकली नाही. निरोप तेवढा यायचा, 'ठीक आहे' म्हणून. जिन्यात कुणी खोकलं, तरी मामा मान वर करीनात.

एका सकाळी ते माझ्या दारात. "मास्तर, छातीत दुखता. चला माझ्यावांगडा."

मी घाबरलो. शाळेत रजा कळवली, त्यांना धरून इस्पितळात नेलं. केसपेपर काढला, दोन तास रांगेत उभे राहिलो. मी दोनदा म्हटलं, आत शालूला निरोप धाडू या. ऐकेनात.

टेबलापाशी पोचलो. समोर शालूच. डोळे सुजलेले, वेणी अर्धी सुटलेली. मान वर न करता तिनं विचारलं, "नाव?"

"सखाराम लक्ष्मण परब."

पेन थांबलं. "बाबा! काय होतंय तुम्हाला?"

"काय नाय गो," मामा म्हणाले. "जेवलंस काय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, आटपा की!"

शालूनं घाईघाईनं नळी कानाला लावली, बापाच्या छातीवर टेकवली, आणि मान खाली घालून बराच वेळ ऐकत राहिली.