राजेळीच्या खतपुरवठ्याबाबत

माणूस निरोगी आहे की नाही, हे त्याला विचारून कधीच कळत नाही. विचारलं तर तो "मजेत" म्हणतो आणि आतून पोखरलेला असतो. म्हणून शहाणा समाज माणसाला विचारण्याच्या भानगडीत न पडता त्याच्यातून जे बाहेर पडतं त्याची तपासणी करतो. शहरात त्यासाठी बाटली लागते. वसईच्या वाड्यांमध्ये बाटलीचीही गरज नव्हती, कारण तिथे मुंग्या होत्या.

बॅप्टिस्ट तुस्कानो मास्तरांच्या वडिलांचं निदान मुंग्यांनीच केलं होतं. म्हातारा रोज पहाटे वाडीतल्या चिंचेखाली उभा राहायचा. एके दिवशी तिथे काळ्या मुंग्यांची रांग लागली आणि अख्ख्या आळीने ओळखलं, की साखर आली. (मुंग्यांनी फी घेतली नाही, आणि अहवालासाठी संध्याकाळी या असंही सांगितलं नाही.) पुढे म्हाताऱ्याचा पाय गेला, मग नजर गेली, मग म्हातारा गेला. तेव्हापासून तुस्कानो घराण्यातले पुरुष पन्नाशी उलटली की चिंचेखाली मान खाली घालून उभे राहत. लोकांना वाटायचं, प्रार्थना करतायत. एका अर्थी ती प्रार्थनाच होती.

मास्तर बावन्न वर्षांचे झाले तेव्हा त्यांचं वजन ब्याण्णव होतं. हायस्कुलात जन्मभर शास्त्र शिकवून त्यांनी नोकरी सोडली होती आणि आता ते वडिलांची केळीची वाडी सांभाळत. मुंग्या अजून आलेल्या नव्हत्या. पण त्या निघालेल्या आहेत, वाटेत कुठेतरी असतील, असं मास्तरांना रात्रंदिवस वाटायचं, आणि बापाच्या वाटेने जायचं नाही हे एकच त्यांनी मनाशी धरलं होतं.

अशा वेळी, म्हणजे सन २००४ च्या ईस्टरला, बायकोचा भाऊ सेबॅस्टियन जहाजावरून सुट्टीवर आला. त्याने बहिणीला, म्हणजे सालोमीला, चॉकलेटचा डबा दिला आणि मास्तरांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. पुस्तकाचं म्हणणं सरळ होतं: भात, भाकरी, पाव, बटाटा, साखर आणि फळं बंद, मटण, कोंबडी, अंडी आणि मासे पोट भरेपर्यंत. मास्तरांनी आयुष्यात ऐकलेल्या पथ्यांपैकी जेवायला परवानगी देणारं हे पहिलंच पथ्य होतं. त्यांनी ते त्याच दुपारी सुरू केलं.

फक्त एका ओळीशी ते अडखळले. फळांत केळं येत होतं. मास्तरांच्या घराला चारी बाजूंनी केळी होत्या आणि त्यांतल्या राजेळीवर त्यांचा जीव होता. रोज दुपारी सालोमी एक पिकलेली राजेळी उकडून, तुपावर परतून त्यांच्यापुढे ठेवायची, आणि ती खाताना मास्तर कुणाशी बोलत नसत. त्यांनी मन घट्ट केलं. वजन पंचाहत्तरवर आलं की एक राजेळी खायची, तोवर बोट लावायचं नाही, असा त्यांनी नवस केला आणि अंड्याकडे वळले.

पुस्तकासोबत पट्ट्यांची एक बाटली होती. पट्टी लघवीत बुडवायची. ती गुलाबी झाली तर चरबी जळतेय आणि जांभळी झाली तर भडाडून जळतेय. आठवड्याभरात मास्तरांची पट्टी जांभळी झाली. ती त्यांनी सालोमीला दाखवली.

"उपवासकाळात फादर हाच रंग घालतात," सालोमी म्हणाली. "पश्चात्तापाचा असतो तो."

"हा वेगळा जांभळा," मास्तर म्हणाले.

आता शास्त्राचा शिक्षक म्हटला की प्रयोग आलाच. वास वाढल्यामुळे सालोमीने मास्तरांना घरातल्या मोरीत बंदी केली होती, आणि चिंचेखाली उभं राहायला त्यांचाच जीव घाबरायचा. म्हणून त्यांनी विहिरीजवळची एक राजेळीची केळ निवडली आणि तिथे नियमित जाऊ लागले. एरवी ही गोष्ट इथेच संपली असती. पण पावसाळा सरता सरता ती केळ अशी काही उठली, की वाटेने जाणारे सायकलवरून उतरून बघू लागले. पानं काळीभोर हिरवी, बुंधा दोन हातांत मावेना, आणि गणपतीच्या सुमारास केळफुलाचं असं कमळ बाहेर पडलं की वाडीत तसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

मास्तरांनी ताबडतोब तुलनेसाठी शेजारची केळ रॉबर्टला नेमून दिली. रॉबर्ट हा शेजारचा भिडस्त माणूस तिन्ही त्रिकाळ भात खायचा. त्याने महिनाभर प्रामाणिकपणे हजेरी लावली, पण त्याची केळ होती तशीच राहिली. प्रयोग सिद्ध झाला. निष्कर्ष असा निघाला की भात खाणाऱ्याच्या अंगात काही राम नसतो. मांसाहाराने माणसात इतकी ताकद साठते की ती उतू जाऊन झाडालासुद्धा पुरते. (साठलेली वस्तू बाहेर कशी काय पडते, हा प्रश्न आठवीतल्या एखाद्या पोराने विचारला असता. पण आळीत सगळे शिकलेले होते.)

मग काय विचारता. रविवारच्या मिसेनंतर पुरुषमंडळी चर्चच्या पायऱ्या उतरून थेट मास्तरांच्या विहिरीवर येऊ लागली. बागायतदारांच्या बैठकीत "उत्कृष्ट निचरा, उत्कृष्ट उत्पन्न" या विषयावर मास्तरांचं भाषण झालं. घराघरांत भाताची पातेली लहान झाली, पाचूबंदरच्या कोळणी आळीत दिवसातून दोनदा येऊ लागल्या. प्रत्येक होतकरू पुरुषाने आपापल्या वाडीत एकेक केळ धरली आणि कुणाची किती वाढली यावरून माणसाची लायकी ठरू लागली. सुनेच्या माहेरचे लोक आले की त्यांना जावयाची केळ दाखवत. ज्याची केळ खुरटी, तो बैठकीत मागे बसायचा.

मास्तर अर्थातच सगळ्यांच्या पुढे होते, आणि पुढे राहायचं तर पट्टी जांभळी राहायला हवी होती. त्यांच्या असं लक्षात आलं की पाणी जास्त प्यायलं की पट्टी फिकी पडते. शिक्षकाने निरीक्षण केलं की ते वाया जात नाही. मास्तरांनी पाणी कमी केलं. पट्टी गडद झाली. आणखी कमी केलं, आणखी गडद झाली. पुढे पट्टी बाजूलाच राहिली, लघवीच कोऱ्या चहासारखी दिसू लागली आणि तिच्यावर फेस राहू लागला.

फेसाबाबत मात्र पुस्तकात काही नव्हतं, म्हणून मास्तरांनी तज्ज्ञ गाठला. धर्मा माडी काढायचा आणि फेसातलं त्याला कळायचं. त्याने बुंध्याशी वाकून बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, फेस टिकून रायलाय," तो म्हणाला. "म्हंजे माल अस्सल. पानी नाय घातलेलं."

सालोमीला हे काही पटेना. ती रोज तांब्या भरून मास्तरांपुढे ठेवायची आणि तो भरलेलाच परत न्यायची. मास्तरांचे पाय संध्याकाळी सुजायचे, सपाता चढत नव्हत्या. सकाळी डोळ्यांखाली फुगायचं. वजन मात्र ऐंशीवर आलं होतं आणि मास्तर सांगायचे, की चरबी वरून वितळून खाली पायांत उतरतेय, आता निघायचा अवकाश. सालोमीने एकदा रागाने सांगितलं, "मेलात तर त्या केळीखालीच पुरीन तुम्हाला." मास्तरांनी यावर खताच्या दृष्टीने विचार केला.

नोव्हेंबरात अनर्थ झाला. केळीच्या पानांच्या कडा करपल्या.

आळी हादरली. घड अजून भरायचा होता. मास्तरांचे पाय महिनाभर सुजलेले असताना कुणी रिक्षासुद्धा बोलावली नव्हती, पण केळीसाठी, पुन्हा सुट्टीवर आलेल्या सेबॅस्टियनने त्याच दिवशी कृषी अधिकाऱ्यांना गाडीतून आणलं. चंद्रहास नावाचे हे अधिकारी देशावरचे, कमी बोलणारे होते. त्यांनी पान उलटून पाहिलं, माती चिमटीत घेऊन हुंगली आणि पटकन टाकून दिली.

"युरिया भयंकर झालाय आणि पाणी अजिबात नाही," ते म्हणाले. "झाडाला झेपत नाहीये. कोण घालतं?"

सगळ्यांनी अभिमानाने मास्तरांकडे बोट केलं. मास्तरांनी थोडक्यात पद्धत समजावून सांगितली. अधिकारी ऐकत होते, पण बघत होते मास्तरांच्या पायांकडे. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून हात पुसले.

"झाडाला आज दहा बादल्या पाणी घाला, ते जगेल," ते म्हणाले. "आणि हे ज्यांच्यातून येतंय, त्यांना आजच्या आज दवाखान्यात न्या."

मुंबईतल्या किडनीच्या डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या. मूत्रपिंडं निम्म्यावर आली होती, आणि फेस म्हणजे त्यांतून गळणारं प्रोटीन होतं. रक्तदाब बहुतेक आधीपासूनच होता आणि मूत्रपिंडं तेव्हापासूनच कुरकुरत असणार. त्यात हा मांसाचा मारा आणि पाण्याचा दुष्काळ. पथ्य सुरू करण्याआधी एकदा तरी तपासणी केली होती का, असं त्यांनी विचारलं.

"मुंग्या नव्हत्या," मास्तर म्हणाले.

 मुंग्यांना रक्तदाब कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग नवं पथ्य दिलं. भात खा, भाकरी खा. मटण, अंडी, मासे अगदी बेताने. पाणी मी सांगेन तेवढं. मास्तरांना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. वजनकाट्यावर ते पंचाहत्तर भरले होते. नवस फळला होता, घड वाडीत तयार होत होता. त्यांनी जरा लाजतच विचारलं, "केळं चालेल ना?"

"केळं सोडून बोला," डॉक्टर म्हणाले. "त्यात पोटॅशियम असतं. तुमच्या रक्तात ते आधीच वाढलंय, तुमच्या किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही. केळं आता कायमचं बंद."

बाप गेला तेव्हा मास्तरांना रडू आलं नव्हतं. इथे आलं. सालोमीने त्यांचा हात धरला.

जानेवारीत घड उतरवला. दोन माणसांनी उचलला. सालोमीने केळी सोलून उन्हात वाळवली, त्यांची मधासारखी सुकेळी झाली. कावळे हाकलायला मास्तरच बसायचे. दुपारभर तो वास घेत आणि एकही तुकडा तोंडात न घालता त्यांनी ती सगळी सांभाळली. मग ती सुक्या पानात बांधून दादरला गेली, आणि दुकानदाराने पाटी लावली: वसईची अस्सल सुकेळी, नैसर्गिक खतावर वाढवलेली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या वर्षी तुम्ही ती घेतली असतील. चांगली लागली होती, आठवतं का? आणखी आहेत का म्हणून तुम्ही पुन्हा विचारायला गेला होता.

आता तोंड वाकडं करू नका. मास्तर आजही आहेत, निम्म्या किडन्यांवर का होईना, भात खातात आणि पोरांना शिकवण्या देतात. ते वाचले, कारण त्यांचं जे काही बाहेर पडायचं ते उघड्यावर, एका केळीच्या बुंध्याशी पडायचं, आणि त्या केळीची पानं करपलेली चार लोकांना दिसली. तुमचं तसं नाही. तुम्ही एव्हरशाईन सिटीत चौथ्या मजल्यावर राहता, डब्यातली प्रोटीनची पावडर दुधात घुसळून पिता, सकाळी फेस दिसला तर फ्लश दाबता आणि फेस गेला म्हणून निश्चिंत होता. खाली केळ नाही, आणि मुंग्या काही लिफ्टने वर येत नाहीत.

बाकी काय, तब्येत कशी आहे तुमची?