स्वारी पंख्यावरची, अर्थात गोदातीर सभेच्या नेतृत्वाचा करीना

श्रीगणेशास वंदन करून, आणि जिच्या नावे सालोसाल वर्गणी वसूल होते परंतु जिच्या भेटीस क्वचितच कोणी जातो त्या शारदेस दुरून मुजरा करून, भाग्यनगर ऊर्फ हैदराबाद शहरी, जामबागेत, गोदातीर वाचन सभेच्या दिवाणखान्यात शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्र-वैशाखात जे थोर युद्ध जाहले त्याचा करीना येथे लिहिला असे. पूर्वी राज्ये बुडाली ती नेतृत्वाच्या अभावी बुडाली, ऐसे अलीकडील प्रशिक्षक पडद्यावर बाण काढून दाखवितात. गोदातीर सभेस तो दोष कोणी देऊ शकणार नाही. तेथे नेतृत्वाची वाण कधीच पडली नाही; वाण पडली ती इतर सर्व गोष्टींची.

या सभेचा मुलूख म्हणजे एक लांबट दिवाणखाना, भिंतीलगत पुस्तकांची कपाटे, एक व्यासपीठ आणि छतास एक पंखा, इतकाच. निजामशाहीत वकिली, मुनसफी आणि मास्तरकी करून नाव कमावलेल्या घराण्यांनी ती स्थापिली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तेलुगूत भांडतात, इंग्रजीत पगार घेतात, आणि मराठी पाटी कोठे दिसली तर वाचता येत नाही म्हणून तिचा फोटो काढून आजोबांस पाठवितात. ऐशियास त्रिवेणीबाई नामे एक निवृत्त शिक्षिका दर रविवारी सकाळी या दिवाणखान्यात सतरंज्या घालीत आणि दहा-बारा मुलांस मराठी वाचावयास शिकवीत. हा वर्ग कोणी नेमिला नव्हता, त्यास कोणी नेता नव्हता, त्याचे कोणतेही ध्येयवाक्य नव्हते. सबब तो सुरळीत चालला होता.

मग चैत्र वद्यात पंखा बंद पडला. वर गच्ची तापलेली, खाली मुले घामाने निथळलेली, वह्यांचे पंखे करून वारा घेतात आणि अक्षर राहते बाजूस, ऐसा प्रसंग गुदरला. तेव्हा रेणू नामे विद्यार्थिनीची आई सुप्रियाबाई हिने बाईंस दाराशी गाठून निर्वाणीचा खलिता तोंडी दिला, तो असा : "मॅडम, तुमच्यावर काही नाही आमचं, पण पोरगी भिजून घरी येते. शेजारी स्केटिंगचा क्लास आहे, एसी हॉल. अजून दोन इतवार बघते. नाही तर मग नक्को." बाकीच्या आयांनी "हौ, आमचंपण तेच" म्हणून त्यावर शिक्का केला. रेणू नुकतीच जोडाक्षरापाशी पोचली होती. वर्ग मोडला तर पुन्हा जमणे नाही आणि ही मुले अर्ध्या अक्षरावर कायमची उभी राहतील, हे बाईंस पक्के ठाऊक होते.

बाईंनी त्याच दिवशी हिमायतनगरास कूच केले आणि सभेचे अध्यक्ष राजमान्य राजश्री प्रतापराव यांच्या हुजुरात अर्जी गुजरली की, मिस्त्री म्हणतो कंडेन्सर गेला आहे, अर्ध्या तासाचे काम, आज्ञा होईल तर मी स्वतःच करून घेत्ये.

आता प्रतापरावांची थोरवी सांगणे प्राप्त. त्यांनी एका औषध कंपनीत माणसे नेमण्याचे आणि त्याहून अधिक काढण्याचे काम करून निवृत्ती घेतली. आणि पूर्वी जे ते हुकमाने करीत ते प्रेरणेने करता येते हे त्यांस निवृत्तीनंतर कळले. एका मोठ्या हॉटेलात सारंगसाहेब नामे नामांकित प्रशिक्षकाचे नेतृत्वशिबिर भरले होते, तेथे ते बसले, डोळे मिटून दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालले, कागदाचे मनोरे रचले आणि प्रमाणपत्र घेऊन आले. त्या दिवसापासून त्यांनी कोणतेही काम करणे सोडिले. कामे करणारा तो कारकून, कामे घडविणारा तो नेता, आणि कामे घडतील ऐसे वातावरण निर्माण करणारा तो महानेता, ऐशी त्यांची श्रेणी होती. आणि आपण कोणत्या पायरीवर आहो हे सांगण्याचे त्यांनी विनयाने टाळिले.

बाईंची अर्जी ऐकून ते प्रसन्न हसले आणि वदले, "बाई, तुम्ही केलंत तर पंखा फिरेल हो, पण माणसं कुठे घडतील?"

तेव्हा बाई परतल्या आणि खलबत बसले.

सभेची जुनी चाल ऐशी की सूचक आणि अनुमोदक यांवाचून दिवासुद्धा लावणे नाही, आणि ठराव सर्वानुमतेच व्हावा; एकजण जरी नाराज असला तर तो राजी होईपर्यंत किंवा निवर्तेपर्यंत थांबावे. त्या चालीस अनुसरून प्रतापरावांनी पहिले तत्त्व मांडिले, ते दूरदृष्टीचे. पंखा हे साधन, वारा हे साध्य. आधी आपणांस कोणता वारा हवा हे सर्वांनी मिळून ठरवावे, ऐसे त्यांनी फर्माविले. चिटणीस संदेश, जो माधापुराकडील एका संगणक कंपनीत चाकरीस होता, त्याने "मिशन पवन" नावाचा व्हॉट्सॲप गट तत्काळ स्थापिला आणि त्यावर गरुडाचे चित्र चढविले. उपाध्यक्ष नामदेवराव, मूळ मराठवाड्याकडील शेतकरी घराण्याचे, पुढे उस्मानगंजात धान्याचा व्यापार केलेले, तोंडाने फटकळ, ते उठून म्हणाले, "अध्यक्ष, पंख्याला नवा कंडेन्सर होना. दृष्टी आमची बरी आहे, गेल्या साली मोतीबिंदू काढलाय." यावर अध्यक्षांनी क्षमाशील मुद्रा केली, आणि चिटणिसाने हे वक्तव्य नकारात्मक ऊर्जा या सदरी नोंदविले. ध्येयवाक्यात "शीतल" असावे की "चैतन्यदायी", यावर दिवेलागण जाहली, आणि एकमत न जाहल्यामुळे दोन्ही शब्द ठेविले. पहिला रविवार या रणात कामास आला. मुले घामेजली, दोन आली नाहीत.

मग दुसरे तत्त्व निघाले, ते अधिकारप्रदानाचे. खरा नेता नेते निर्माण करितो ऐसे शिबिराचे वचन होते, आणि प्रतापराव वचनास जागणारे. त्यांनी एकास शिडीप्रमुख केले, एकास पेचकसप्रमुख, एकास संपर्कप्रमुख, एकास उत्साहप्रमुख, आणि सर्वांस छातीवर लावावयाचे बिल्ले दिले. जितके सभासद तितके सरदार जाहले आणि शिपाई एकही उरला नाही. शिडी भिंतीस लावण्याची वेळ आली तेव्हा ती कोणी धरावी हा पेच पडला. शिडीप्रमुखांनी स्पष्ट केले की शिडी धरणे हे प्रमुखाचे काम नव्हे, धरणारे घडविणे हे प्रमुखाचे काम होय; आणि त्यांचे बोलणे शास्त्रास धरून असल्यामुळे कोणी खंडन करू शकला नाही. अखेर नामदेवरावांनी चहाचा पेला एका हाती ठेवून दुसऱ्या हाताने शिडी धरिली.

तेव्हा प्रतापरावांस तिसरे तत्त्व स्फुरले, ते सेवकभावाचे. नेता तोच जो सर्वांचा दास, ऐसे म्हणून त्यांनी जोडे काढिले, बाह्या सारल्या आणि चार पायऱ्या चढून स्वहस्ते रुमालाने पंख्याचे एक पाते पुसले. संदेशाने तीन बाजूंनी फोटो काढिले. त्या पात्यावरील कैक सालांची धूळ नामदेवरावांच्या चहात उतरली. "पोचली बरं का सेवा, इथवर पोचली," ऐसे ते पेल्यात पाहून म्हणाले. प्रतापराव खाली उतरले. फोटो "विनम्र नेतृत्व" या मथळ्याखाली सर्वत्र प्रसृत जाहला, त्यास शेकडो अंगठे मिळाले, आणि पंखा होता तसाच राहिला, परंतु एका पात्यापुरता स्वच्छ.

येथे विद्वानांनी ध्यानात घ्यावे की या तीनही तत्त्वांत असत्य काही नाही. दूरदृष्टी असावी, अधिकार वाटावा, सेवा करावी, हे कोण नाकारील? ज्याच्यापाशी काम आहे त्याच्या हाती ही तत्त्वे अवजारे होतात, आणि ज्याच्यापाशी केवळ पद आहे त्याच्या अंगावर ती दागिने होतात. आणि दागिने घालून कोणी कंडेन्सर बदलीत नाही.

मुदतीचा रविवार उद्यावर आला तेव्हा त्रिवेणीबाईंनी फंदफितुरीचा मार्ग धरिला. शनिवारी भर दुपारी, सभेचे सर्व प्रमुख वामकुक्षीत असता, त्यांनी नामदेवरावांकडून किल्ली घेतली, कोठी नामे पेठेच्या चौकातून मिस्त्री आणिला, आणि सूचक नाही, अनुमोदक नाही, ध्येयवाक्य नाही, ऐशा निव्वळ अराजकात पंखा दुरुस्त जाहला. नामदेवरावांनी खाली उभे राहून वारा तोंडावर घेतला आणि "बाई, आपण दोघे बागी झालो की ओ," म्हणून मोठ्याने हसले. बाईंनी त्याच सायंकाळी सर्व घरी निरोप धाडिले की, पंखा लागला, मुलांस अवश्य पाठवावे.

रविवारी सकाळी मुले आली, न आलेली दोनही आली. पंखा फिरत होता. रेणूने पुस्तक उघडिले आणि "स्वच्छ", "उत्कंठा", "द्वंद्व" ऐसे एकेक किल्ले घेत, कोठे न अडखळता, एक सबंध पान वाचिले, आणि वाचून जाहल्यावर तीच चकित होऊन बाईंकडे पाहू लागली. या मोहिमेत जे काही प्रत्यक्ष जिंकिले गेले ते एवढेच, आणि ते कोणत्याही अहवालात नाही.

इतक्यात दारी गजबज जाहली. प्रतापराव, संदेश आणि सर्व प्रमुख, फुलांची परडी, शाल, श्रीफळ आणि एक लांब फलक ऐसा सरंजाम घेऊन दाखल जाहले. कारण ऐसे की सारंगसाहेबांस हैदराबादेत त्याच एका सकाळी, दोन व्याख्यानांनंतर, सवड होती, सबब पंखामोहिमेच्या यशस्वी नेतृत्वाबद्दल प्रतापरावांचा सत्कार त्यांच्या हस्ते आधीच मुक्रर जाहला होता. यश तेवढे मागाहून यावयाचे होते. आमच्या मंडळांची ही जुनी रीत. पाहुणा मिळाला की सत्कार उरकावा, कर्तृत्व कोठे पळून जात नाही.

प्रतापरावांनी मान वर केली आणि फिरता पंखा पाहून त्यांचा चेहरा उतरला. पंखा बंद होता तोवर त्यांस कधी चिंता वाटली नव्हती. ते संदेशास म्हणाले, "बंद कर."

बाई म्हणाल्या, "अहो, मुलं वाचतायत. वाचू द्या. तुमचे पाहुणे आले की बटण दाबा, मी टाळ्या वाजवते."

"बाई, फिरत्या पंख्याचं उद्घाटन कसं करायचं?" ऐसा सवाल अध्यक्षांनी कळवळून केला, आणि उपस्थित प्रमुखांस त्यातील अडचण तत्काळ पटली. मग संदेशाने बटण बंद करून त्यावर तांबडी फीत आडवी चिकटविली आणि स्वतः पहाऱ्यास उभा राहिला. नामदेवराव दंड थोपटून पुढे जाहले, तो संदेश म्हणाला, "काका, प्लीज. लाइव्ह जाणार आहे." नामदेवरावांनी "तुझ्या लाइव्हला आग लागो" ऐसा आशीर्वाद दिला आणि सभात्याग केला. बाईंचा हातही एकवार फितीपर्यंत गेला. परंतु तो हात आयुष्यभर मुख्याध्यापकांपुढे खाली राहिलेला हात होता. तो मागे आला.

सारंगसाहेब वेळेच्या नियोजनावरील आपले दुसरे व्याख्यान लांबल्यामुळे खोळंबले. ऊन चढले. व्यासपीठासमोर खुर्च्या मांडावयाच्या म्हणून मुलांस भिंतीकडे सरकविले, तेथे खिडकीतून झळ येत होती. वाचन थांबले. धाकटी पेंगली, थोरली चिडली, रेणूची ओढणी पाठीस चिकटली. तेव्हा सुप्रियाबाई आली, तिने पोरीच्या कपाळावरून हात फिरविला, छताकडे पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर बोललात पंखा लागला म्हणून."

"लागलाय गं," बाई म्हणाल्या. "त्याचं उद्घाटन व्हायचंय."

सुप्रियाबाई म्हणाली, "पंखा आहे, करंट आहे, मॅडम आहेत, अन् पोरं घामात? असं असतंय का कुठं? चल गं." रेणू म्हणाली, "मम्मी, अजून एक पान—" परंतु तिचा हात धरिला गेला होता. तिच्यामागे एकेक घर उठले. बाईंनी कोणास अडविले नाही. अडविण्याजोगा होता तो वारा, आणि वारा फितीखाली होता.

नंतर सारंगसाहेब आले. फीत कापिली, प्रतापरावांनी बटण दाबिले, पंखा फिरला, आणि सतरंज्यांवर विसरलेल्या एका वहीची पाने फडफडली. सर्व प्रमुखांनी उभे राहून टाळ्या पिटिल्या. सारंगसाहेबांनी, ज्याच्या जाण्याने जागा रिकामी भासते तो नेता, ऐसे उद्गार काढिले. शाल पांघरिली गेली. रविवारची सकाळ यापुढे मोकळी असल्याचे चिटणिसाने नजरेस आणिले, तेव्हा त्या वेळी नेतृत्वविकासाचा वर्ग भरवावा ऐसा ठराव निघाला आणि सभेच्या इतिहासात प्रथमच पहिल्या फेरीत सर्वानुमते मंजूर जाहला, कारण नामदेवराव निघून गेले होते आणि बाई कोणत्याही पदावर नव्हत्या.

मग आभारप्रदर्शन, फराळ आणि समूहचित्र होऊन मंडळी पांगली. बाई सतरंज्या गुंडाळीत होत्या. प्रतापरावांनी उंबऱ्यावरून वळून ममतेने आज्ञा केली की, बाई, जाताना पंख्याचे बटण तेवढे तुम्ही बंद करा. अधिकारप्रदानाचे तत्त्व या मोहिमेत संपूर्णपणे अमलात आले ते या एका ठिकाणी. बाईंनी बटण बंद केले. येणेप्रमाणे, वैशाख मासी, उष्म्याचा पाडाव होऊन गोदातीर सभेचा पंखा सर जाहला आणि मोहीम फत्ते पावली, ऐसे दप्तरी दाखल केले असे.